बर्फाला घाम फुटेपर्यंत

डेपोत तिला सगळे खुळखुळाबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे खुळखुळाबाई. बाईंना हे ठाऊक नाही असं समजणारा माणूस डेपोत एकच होता, आणि तो म्हणजे साहेब.

नाव उगीच पडलं नव्हतं. सरकारच्या या डेपोतून लहान मुलांच्या लशी शेजारच्या देशात जात. विकत नव्हे, मदत म्हणून. लस जाते ती जाड भिंतींच्या खोक्यातून, आणि खोक्यात चारी बाजूंनी आइसपॅक लावायचे असतात, म्हणजे पाणी भरून गोठवलेल्या प्लॅस्टिकच्या चपट्या डब्या. आता कुणालाही वाटेल की बर्फ जितका कडक तितकं बरं. घोडं पेंड खातं ते इथंच. फ्रीझरमधला आइसपॅक काढून तसाच लावला, तर त्याला टेकलेली लस गोठते. आणि घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची ती लस एकदा गोठली की मेली. नंतर वितळते, दिसते अगदी पहिल्यासारखी, पण मुलाला टोचली काय आणि न टोचली काय, सारखंच. म्हणून आइसपॅक आधी टेबलावर मांडून ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, मग एकेक उचलून कानाशी हलवायचा. आत पाणी खुळखुळलं की खोक्यात, नाहीतर परत टेबलावर.

बाई एकोणीस वर्षं हेच करत होत्या. नवीन माणूस कामावर आला की पहिले आठ दिवस त्याच्या हातात लस द्यायच्याच नाहीत, नुसते आइसपॅक. तो बिचारा दिवसभर कानाशी डब्या हलवत उभा, आणि बाकीचे तोंडावर हात ठेवून हसतायत. ड्रायव्हर फाटकातून हॉर्न वाजवायचा, तेव्हा बाई खिडकीतून ओरडायच्या, "तुला घाई आहे, बर्फाला नाहीये! खाली उतर, चहा पी!" आणि ड्रायव्हर निमूटपणे उतरून चहा प्यायचा. नाकावर माशी बसू न देणारी बाई. पण खोकं बंद झालं की त्यावर हलकेच दोनदा थाप मारायची, लेकरू झोपवल्यासारखी, हेही डेपोत सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

घरी त्यांच्याशिवाय एकच माणूस, त्यांचा धाकटा दीर. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. दीर काचेच्या कारखान्यात होता, भट्टीवर. कारखाना बंद पडला, त्याआधी वीस वर्षांच्या ओझ्यानं पाठ गेली होती. सरकारी इस्पितळात ऑपरेशन सांगितलं होतं आणि तारखेसाठी तो आठ महिने थांबला होता. खुर्चीत उशी घेऊन बसायचा, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, आणि बाई दमून घरी आल्या की दिवसभराचं भांडण त्यांच्यासाठी तयार ठेवायचा.

"वहिनी, आज किती लशी गेल्या परदेशात?"

"गेल्या असतील सात-आठ हजार. तुम्ही जेवलात का?"

"जेवलो. तिकडच्या पोरांना दारात सुई, आणि मला इथं तारीख नाही. बरं चाललंय आपल्या सरकारचं."

बाई हातपाय धुवायला जायच्या. दिराचं दुखणं खोटं नव्हतं. खुर्चीतून उठताना त्याच्या तोंडून जो आवाज यायचा तो ऐकून त्यांच्याच पाठीत कळ उठायची. वाद घालायचा तर कुठल्या तोंडानं घालायचा? आणि खरं सांगायचं तर तो म्हणतो त्यात काही चूक आहे का, हे त्यांना स्वतःलाच कधी कधी नीट सांगता यायचं नाही. एवढंच ठाऊक होतं की एकदा, हमाल आला नाही म्हणून, त्या स्वतः ट्रकबरोबर सीमेपलीकडे गेल्या होत्या. तिथल्या केंद्राच्या ओट्यावर बायका रांगेत बसलेल्या होत्या, कडेवरची पोरं झोपलेली, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. खोकं उघडल्याचा आवाज झाला तशी अख्खी रांग उभी राहिली. तिथल्या सिस्टरनं बाईंना पाणी दिलं आणि विचारलं, "त्या खुळखुळवणाऱ्या तुम्हीच का हो?" म्हणजे नाव सीमा ओलांडून गेलं होतं. भाषा दोन्हीकडे एकच, हेल तेवढा निराळा.

गेल्या वर्षी सरकारनं परदेशी मदतीच्या बाबतीत हात आखडता घेतला. तिसरा हिस्सा कापला. पण लस कापली नाही, यातली मेख बघा. लस इथल्याच कारखान्यात बनते, खोक्यांसमोर उभं राहून मंत्र्यांना फोटो काढता येतो, पेपरात आकडा येतो. कात्री चालली ती फोटोत न येणाऱ्या गोष्टींवर. डेपोत अकरा माणसं होती, तिथं बाई धरून तीन उरली. दोनातला एक ट्रक गेला. लस गोठली तर रंग बदलून सांगणाऱ्या पट्ट्या खोक्यात टाकायचे, त्या बंद झाल्या. "बाई, तुमचे कान आहेत की," साहेब म्हणाले होते, आणि हा आपण मोठा विनोद केला अशा थाटात हसले होते.

तशात तो गारठ्याचा दिवस उजाडला. थंडीत बर्फाला घाम फुटायला दुप्पट वेळ लागतो, हे बाईंनीच सगळ्यांना शिकवलेलं. चौदा खोकी भरायची होती. दोघांपैकी एक जण तापानं घरी होता. सीमेवरचं फाटक सहाला बंद होतं आणि वाट सात तासांची, म्हणजे साडेदहाला ट्रक हलायलाच हवा होता. पूर्वी उशीर झाला तर दुसरा ट्रक दुसऱ्या दिवशी जायचा. आता हाच ट्रक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खात्याच्या दिमतीला होता आणि परत मिळायचा तो थेट तीन आठवड्यांनी. नऊ खोकी रीतसर भरली. दहा वाजून वीस मिनिटं झाली. टेबलावर उरलेले आइसपॅक पांढरेफटक, दगडासारखे. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बाईंनी त्याला चहा प्यायला सांगितलं नाही. उरलेली पाच खोकी त्यांनी तशीच भरली. एकही आइसपॅक कानाशी नेला नाही, कारण नेला असता तर काय ऐकू येणार आहे हे त्यांना ठाऊक होतं.

झाकणं लावताना त्यांनी मनाला समजावलं की वाटेत ऊन लागेल, काही होणार नाही. असं समजावणाऱ्या दुसऱ्या कुणाला त्यांनी उभं सोललं असतं.

बारा दिवसांनी पत्र आलं. डेपोच्या नावे नाही, बाईंच्या नावे. पलीकडच्या सिस्टरचं.

"बाई, पाच खोक्यांतली लस मला संशयाची वाटली, म्हणून प्रत्येकातली एकेक बाटली हलवून चांगल्या बाटलीशेजारी ठेवली. चांगल्या बाटलीतली लस अर्ध्या तासानंतरही दुधासारखी होती. या पाचांत चुन्यासारखा साका खाली बसला. तीन हजार डोस मी बाजूला काढले आहेत. बाकीची नऊ खोकी दुसऱ्या केंद्रांची होती, म्हणून त्या दिवशी आलेल्या बायकांना परत पाठवलं. चूक कुणाची ते विचारत नाही, तुमच्याकडून असं होत नाही एवढं मला माहीत आहे. पुढचं खोकं तेवढं नीट पाठवा. इकडे दोन वस्त्यांत डांग्या खोकला सुरू झाला आहे."

पत्र हातात घेऊन त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. मदतीची रक्कम कापली तेव्हा वरच्यांशी भांडलेले ते एकटेच. आता त्यांच्याच खटपटीमुळे लोकप्रतिनिधींची एक समिती बसली होती. कापलेली रक्कम परत द्यावी, वर आणखी वाढवावी, असा प्रस्ताव होता. चार दिवसांनी सुनावणी होती आणि साक्ष द्यायला बाईंना बोलावलं होतं. बाईंनी काय बोलायचं ते साहेबांनी मोठ्या अक्षरात टाइप करून दिलं होतं. त्यातलं पहिलंच वाक्य होतं, 'एकोणीस वर्षांत आमच्या डेपोतून गेलेला एकही डोस वाया गेलेला नाही.'

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि खणात ठेवलं.

"बाई, हे पत्र अजून आलेलं नाही."

"आलंय की, साहेब."

"पाच दिवसांनी येईल. सुनावणी झाल्यावर. अहो, त्या समितीत निम्मे लोक टपून बसलेत. एवढंसं काही सापडलं तर म्हणतील, बघा, पैसा पाण्यात. मग वाढ राहिली बाजूला, आहे तेही जाईल. तिकडच्या पोरांचं भलं हवंय ना तुम्हाला? मग मूग गिळून बसा. चारच दिवस."

बाई बाहेर आल्या. साहेबांचं म्हणणं खोडून काढता येईना, हाच त्रास होता. खोटं बोललं तर माणसं मिळतील, ट्रक मिळेल, पुन्हा असं होणार नाही. खरं बोललं तर तोंडाला पानं पुसली जातील. मग खरं बोलायचं कशासाठी, आपला जीव हलका करण्यासाठी? चार दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

सुनावणीच्या सकाळी चहा पिताना त्यांनी दिराला सगळं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. घरात दुसरं होतं कोण?

दिरानं पेपर खाली ठेवला. "तीन हजार?"

"तीन हजार."

"भट्टीवर असं व्हायचं," तो म्हणाला. "काच सावकाश निवू द्यावी लागते. मालक म्हणायचा, आटपा. आटपलं की दिसायला पेला छान, आणि गिऱ्हाइकाच्या हातात तडकायचा. मग मालक आम्हाला शिव्या घालायचा." मग म्हणाला, "पण म्हणून मी तुमच्या बाजूचा झालो असं समजू नका हं, वहिनी. माझी तारीख कुठाय?"

समितीची खोली लांबट होती. अर्धगोल टेबलामागे अकरा जण, समोर एक खुर्ची, खुर्चीपुढे माइक. बाईंनी टाइप केलेला कागद पुढ्यात ठेवला, चष्मा लावला आणि पहिलं वाक्य वाचायला तोंड उघडलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"मला यात लिहिलेलं वाचता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात तीन हजार डोस वाया गेले. माझ्या हातानं गेले."

मागच्या रांगेत बसलेल्या साहेबांनी डोळे मिटून घेतले.

वाढीच्या विरोधात असलेले एक जाडजूड सभासद होते, त्यांना तर लॉटरीच लागली. "वाया कसे गेले?"

"गोठले."

"थंड ठेवायची वस्तू थंडीनं खराब झाली?" सभासद शेजाऱ्याकडे बघून हसले, तशी खोलीत हसण्याची लाट उठली. "बाई, आमच्या मतदारांना हे मी कसं समजावू?"

"समजावू नका, मी समजावते," बाई म्हणाल्या, आणि आवाजात डेपो आला. "बर्फाला घाम फुटायला थंडीत दोन तास लागतात. माझ्याकडे ते दोन तास नव्हते. अकरा माणसं होती तेव्हा आम्ही पहाटे निम्मी टोळी कामाला लावायचो. आता तिघं आहोत. दुसरा ट्रक होता तेव्हा उशीर चालायचा, आता ट्रक चुकला की तीन आठवडे. तुम्ही लस कापली नाहीत, साहेब. थांबायचा वेळ कापलात. लस आख्खी विकत घेतलीत आणि ती जिवंत पोचवायचे पैसे तेवढे वाचवलेत. म्हणजे वाचलं काय? चूक माझीच आहे, मी ती कुणावर ढकलत नाही. झाकण लावताना मला कळत होतं. पण अशा अर्धवट मदतीत चूक ही होणारच, आज माझ्या हातून, उद्या दुसऱ्याच्या. द्यायचं तर पुरतं द्या. एवढंच सांगायला आले होते."

सभासद आता हसत नव्हते. त्यांनी मान तिरकी केली. "आणि आपली माणसं? इथं इस्पितळात तारखा मिळत नाहीत, त्याचं काय?"

"माझाच दीर आठ महिने थांबलाय," बाई म्हणाल्या. "रोज मला हेच विचारतो. त्याला तारीख मिळायलाच हवी, त्यासाठी बोलवाल तेव्हा मी इथं येऊन बसेन. पण वर्षापूर्वी तुम्ही आमची आठ माणसं घरी बसवलीत, ट्रक काढून घेतलात, त्यामुळे त्याची तारीख एक दिवस तरी अलीकडे आली का? मी इस्पितळात जाऊन विचारून आले. नाही आली. आमच्याकडून काढलेलं त्याला मिळालं असतं तर मी आज गप्प बसले असते." त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "शिवाय तिकडे डांग्या खोकला सुरू झालाय. फाटक सहाला बंद होतं ते ट्रकला. खोकल्याला नाही होत."

अध्यक्षा पांढऱ्या केसांच्या, शांत बाई होत्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, "इतकं प्रामाणिक बोललात, आभारी आहोत." दोन-तीन सभासदांनी टेबल थोपटलं. बाहेर पडताना बाईंना वाटलं, जमलं. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांनी श्वास पुरता घेतला.

साहेब जिन्यात उभे होते. रागावतील असं वाटलं होतं, पण ते नुसते थकलेले दिसले. "बाई, तुम्ही बोललात त्यातला शब्द न् शब्द खरा आहे," ते म्हणाले, "आणि तुम्हाला या लोकांची काही म्हणजे काही माहिती नाही."

पाच दिवसांनी समितीचा निर्णय आला. रक्कम वाढवावी हे तत्त्वतः मान्य होतं. बाईंचं म्हणणं अहवालात शब्दशः घेतलं होतं, दोन माणसं आणि एक ट्रक यांची शिफारसही होती. मात्र तीन हजार डोस वाया गेल्याचं उघड झालं असल्यानं आधी चौकशी व्हावी. चौकशी पूर्ण होऊन वाढीव रक्कम पुढच्या वर्षी मंजूर होईपर्यंत डेपोतून पलीकडे काहीही जाऊ नये. सध्याच्या अपुऱ्या व्यवस्थेत लस पाठवणं धोक्याचं आहे, असं साक्षीवरूनच दिसतं.

बाईंनी कागद तीनदा वाचला. सगळं त्यांचंच बोलणं होतं. त्यांच्याच शब्दांनी दार लावून घेतलं होतं.

त्या दिवशी शीतखोलीत नवीन लस येऊन पडलेली होती. बाई आत जाऊन उभ्या राहिल्या. फळ्यांवर खोकी छतापर्यंत रचलेली, पंखा घरघरतोय, तापमानाचा काटा बरोबर जागेवर. सगळं ठाकठीक होतं आणि कुठं जाणार नव्हतं. त्यांना साहेबांचा राग आला, समितीचा आला, मग स्वतःचा. चार दिवस गप्प बसले असते तर? हा प्रश्न त्या मनाला विचारत राहिल्या, आणि दर वेळी उत्तर निराळं येत होतं.

दुपारी फोन वाजला. पलीकडची सिस्टर होती.

"बाई, या खेपेचा ट्रक कुठवर आलाय? सकाळपासून बसल्यात बायका. या वेळी मागच्याहून जास्त आल्यात, खोकल्याच्या भीतीनं."

बाईंनी सांगितलं. सुनावणी, साक्ष, निर्णय, सगळं. मध्ये एकदा सिस्टर म्हणाली, "थांबा, आवाज तुटतोय," पण आवाज तुटत नव्हता.

मग सिस्टर म्हणाली, "मी तुम्हाला लिहिलं होतं, बाई. त्यांना नव्हतं लिहिलं."

"मला वाटलं, खरं सांगितलं तर ते पुरतं देतील."

"देतील. पुढच्या वर्षी." सिस्टरचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "मागच्या वेळी यांना परत मी पाठवलं. पुढच्या ट्रकला नक्की, असं मीच म्हणाले. आता पुन्हा माझ्यानं नाही सांगवत. तुम्ही सांगा."

"मी? अहो, मी काय सांगू—"

पण फोन हातातून हातात गेला होता. ओट्यावरची कुजबुज ऐकू आली, कुणीतरी कुणाला पुढे ढकललं. मग एका बाईचा आवाज आला, तरुण, बुजरा, फोनची सवय नसलेला, म्हणून गरजेपेक्षा मोठा.

"हॅलो? सिस्टर म्हणतात, तुम्हाला विचार. आम्ही रात्रीच निघालो होतो घरून. पोरगी चार महिन्यांची आहे, अजून एकही सुई नाही झाली तिला." खाली कुठंतरी ते मूल खोकलं, साधंच असेल, साधंच असावं. "बाई, आम्ही थांबू का? तुम्ही म्हणाल तेवढं थांबतो."